निरोपाच्या कॉफीचा परदेश दौरा

पाहुण्याने घरी कधी जावे, हा प्रश्न जगात सगळीकडे पाहुण्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडलेला असतो. आमच्या बोस्नियातल्या सारायेवोत तो कॉफीवर सोडलेला आहे. पाहुणा आला की पहिली कॉफी स्वागताची. गप्पा रंगल्या की दुसरी, गप्पांची. आणि यजमानणीला आपली कामं आठवली की तिसरी, निरोपाची. ती प्यायची, 'बरं, मी निघतो' म्हणायचं आणि दाराशी काढून ठेवलेले बूट पायांत चढवायचे. या पद्धतीवर आमच्याकडे सहसा कोणी वाद घालत नाही. ज्याने घातला, त्याला पुढे त्या घरात पहिली कॉफीही मिळत नाही.

नव्वदच्या दशकातल्या युद्धात शहराला वेढा पडला होता, त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात माझा मित्र रेफिक याने या तिसऱ्या कॉफीवर एक विनोदी एकांकिका लिहिली. तेव्हा चारी बाजूंच्या डोंगरांवर तोफा होत्या, नळाला पाणी नव्हतं, दिव्याला वीज नव्हती आणि कॉफीत कॉफी नव्हती. मसूर काळा होईपर्यंत भाजायचा, दळायचा आणि त्याला कॉफी म्हणायचं, असा सगळ्या शहराने न बोलता ठराव केलेला होता. एकांकिकेत पात्रं दोनच. यजमानीण म्हणजे रेफिकची बायको बेहिया, आणि पाहुणा म्हणजे मी, क्रेशो. पाहुणा बराच वेळ बसलाय. यजमानीण त्याला निरोपाची कॉफी देते. तो पितो, उठतो, म्हणतो, "बरं, मी निघतो." तेवढ्यात बाहेर धडाम. आता गोळे पडत असताना पाहुण्याला बाहेर काढणं आमच्या रीतीत बसत नाही, आणि निरोपाची कॉफी प्यायल्यावर बसून राहणंही बसत नाही. बेहिया दातओठ खात म्हणते, "बसा हो, घाई काय आहे?" तो बसतो. बसला म्हटल्यावर स्वागताची कॉफी आली. मग गप्पांची. मग निरोपाची. मग धडाम. घरातला मसूर संपत येतो, तरी पाहुणचार काही संपत नाही.

प्रयोग भरदुपारी, आमच्याच इमारतीच्या तळघरात व्हायचे. तिकीट म्हणून एक मेणबत्ती किंवा चुलीत घालण्याजोगं काहीही चालायचं. लोक खुर्च्यांचे पाय आणत, जुने बूट आणत. एका निवृत्त अधिकाऱ्याने कम्युनिस्ट पक्षाच्या अधिवेशनांतल्या भाषणांचे जाड खंड आणले आणि वर सांगितलं, "सावकाश जळतात, पण धूर फार होतो." मसुराचा घोट घेऊन मी म्हणायचो, "कॉफी फक्कड झालीये वहिनी. मीठ तेवढं जरा कमी." या वाक्याला तळघर जे हसायचं, त्याने छताचे पोपडे पडायचे. वरच्या मजल्यावरच्या शेफिकाबाई प्रत्येक प्रयोगाला येत आणि ते वाक्य माझ्या आधी म्हणून टाकत. मी चिडायचो. रेफिक पडद्याआड, म्हणजे एका घोंगडीआड, उभा राहून ते हसणं डोळे मिटून ऐकायचा. दोन घास कमी मिळाले तरी त्या हिवाळ्यात त्याची तब्येत सुधारली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वेढ्यातून बाहेर पडणाऱ्या एका परदेशी पत्रकाराने जाताना एकांकिकेची प्रत मागून नेली. युद्ध संपल्यावर व्हिएन्नाहून बोलावणं आलं. युद्धस्मृती रंगभूमी प्रतिष्ठान नावाची एक संस्था होती आणि तिच्या संचालक होत्या डॉ. हेडविग. बाई मनाने फार चांगल्या. हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तसं वाटणार नाही.

भलंमोठं नाट्यगृह, मऊ लाल खुर्च्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या अंगावर खरा प्रकाश, आणि डोक्यावरच्या पट्टीवर आमच्या वाक्यांचं जर्मन भाषांतर. मी पहिल्यांदा उठलो, धडाम झालं, बेहिया दातओठ खात "बसा हो" म्हणाली. शांतता. मला वाटलं, व्हिएन्नाचे लोक जरा उशिरा हसत असतील. मसुराचा घोट घेतला. "मीठ तेवढं जरा कमी." पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पर्समधून रुमाल काढला. मग तिच्या शेजारणीने काढला. नाटक संपलं तेव्हा सगळं सभागृह उभं राहून, ओल्या डोळ्यांनी, हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवत होतं. आम्ही तिघं मेकअपच्या खोलीत येऊन बसलो.

"कोणी हसलं?" रेफिकने विचारलं. त्याला विंगेतून नीट दिसलं नव्हतं.

"तिसऱ्या रांगेत एकजण," मी म्हणालो.

"तो शिंकला," बेहिया म्हणाली. "मी बघत होते. शिंकल्यावर त्याने बिचाऱ्याने शेजारणीची माफी मागितली."

इतक्यात डॉ. हेडविग आल्या. त्यांनी रेफिकचे दोन्ही हात हातात घेतले. "मीठ!" त्या म्हणाल्या. "अश्रूंचं मीठ! एका अख्ख्या शहराचे अश्रू आटले, हे तुम्ही एका वाक्यात सांगितलंत."

"बाई, तो मसूर आहे," रेफिक म्हणाला. त्याला जर्मन येत होतं, हेच त्याचं दुर्दैव. "मसुराच्या कॉफीत मीठ कमी पडलं, असा तो विनोद आहे."

"मसूर!" बाई म्हणाल्या आणि त्यांना आणखी रडू कोसळलं.

तिथून एकांकिकेचा परदेश दौरा सुरू झाला. आम्ही नटमंडळी पहिल्याच वर्षी गळालो. ज्यांनी प्रसंग भोगला त्यांनाच तो रोज करायला लावणं अमानुष आहे, असा प्रतिष्ठानाचा निर्णय झाला. मी म्हणालो, मला काही त्रास नाही, उलट सकाळचा नाश्ता चांगला असतो. त्यावर त्रास जाणवत नसणं हे त्रास फार खोल असल्याचं लक्षण आहे, असं उत्तर आलं. आमच्या जागी प्रशिक्षित नट आले. प्रत्येक देशात प्रयोगाआधी संहिता आशय-संवेदनशीलता समितीपुढे ठेवायची, असा नियमही तेव्हाच झाला.

टोरांटोच्या समितीला पाहुणा खटकला. एक माणूस गोळ्यांपासून आसरा घेतो आणि घरची बाई त्याला घालवायला बघते, हे निर्वासितविरोधी आहे. रेफिकने फोनवर परोपरीने सांगितलं की तो निर्वासित नाही, शेजारच्या जिन्यावर राहणारा आहे, आणि तो कॉफी फुकट प्यायला आलाय. समितीने या माहितीची सहानुभूतीपूर्वक नोंद घेऊन पाहुणा काढून टाकला. ऑस्लोत गोळ्याचा आवाज काढून टाकला, कारण प्रेक्षकांतल्या कोणाला आवाजाचं भय असू शकतं. राहता राहिली कॉफी. ॲम्स्टरडॅमच्या समितीने कॉफीच्या मळ्यांवरच्या गुलामगिरीचा इतिहास लक्षात घेता रंगमंचावर कॉफीचं उदात्तीकरण टाळावं, असं सुचवलं. ती मसुराची आहे, असं रेफिकने कळवलं. मग समितीने मसूर उत्पादकांचं मत मागवलं, ते वेळेत आलं नाही, म्हणून कप रिकामा ठेवायचं ठरलं.

थोडक्यात, पाहुणा नाही, गोळा नाही आणि कॉफी नाही, अशी निरोपाच्या कॉफीची एकांकिका तयार झाली. एक बाई काळ्या कपड्यांत रिकामा कप घेऊन अंधारात बसते. विसाव्या मिनिटाला ती कप उचलते. मध्यंतरानंतर खाली ठेवते. हो, एकांकिकेला मध्यंतरही आलं होतं. समीक्षकांनी लिहिलं की लेखकाच्या मूळ आत्म्याशी इतका प्रामाणिक प्रयोग आजवर झाला नव्हता. रेफिकने हरकत घेतली तेव्हा डॉ. हेडविग यांनी अतिशय मायेने समजावलं, "तुम्ही घटनेच्या फार जवळ होतात. इतक्या जवळून ती नीट दिसली नसेल."

माणसाला एकच गोष्ट वर्षानुवर्षं मायेने समजावली की ती पटायला लागते. एक दिवस आम्ही दोघं चौकातल्या नेहमीच्या दुकानात कॉफी पीत बसलो होतो, खरी कॉफी. रेफिक साखरेचा खडा कॉफीत बुडवून हातातच धरून बसला.

"क्रेशो, खरं सांग. तेव्हा तळघरात लोक हसत होते, ते नाटकाला की भीतीने?"

"नाटकाला. डोकं फिरलंय का तुझं?"

"भीतीने माणूस काहीही करतो रे. रडतो, शिव्या देतो, हसतोसुद्धा. बाहेर गोळे पडत होते, कुणी मांजराची नक्कल केली असती तरी लोक हसले असते. बहुतेक मी शोकांतिकाच लिहिली असणार. मलाच कळलं नाही."

खडा विरघळून त्याच्या बोटांवर ओघळला, तरी त्याला पत्ता नव्हता. त्या एकांकिकेनंतर रेफिकने एक ओळ लिहिली नव्हती, आणि का, ते मला त्या दिवशी कळलं. ज्या हसण्यावर हा माणूस त्या हिवाळ्यात जगला होता, तेच त्याच्याकडून काढून घेतलं होतं, आणि तेही टाळ्या वाजवून. मला त्या बाईंचा मनापासून राग आला.

अशात वेढ्याच्या वर्धापनदिनाचं वर्ष आलं. वर्धापन हा शब्द माझा नाही, प्रतिष्ठानाचा आहे. जगभर गाजलेला प्रयोग आता मायभूमीत, म्हणजे सारायेवोत, करायचा असं ठरलं आणि डॉ. हेडविग दोन सल्लागारांसह रेफिकच्या घरी आल्या. सोबत रेफिकची नात इल्मा होती. इल्मा हुशार पोरगी. युद्धानंतर जन्मली, युद्ध काय ते विद्यापीठात शिकली, आणि आता प्रतिष्ठानाची स्थानिक भावनिक सुरक्षा समन्वयक होती. गळ्यात बिल्ला घातला की ती आजोबांशी जरा हळू आवाजात बोलायची, आजारी माणसाशी बोलतात तशी.

बेहियाने आम्हा सगळ्यांसाठी खिमा भरलेलं बुरेक आणि स्वागताची कॉफी आणली. मग गप्पांची आणली. डॉ. हेडविग बोलत होत्या. या प्रयोगानंतर एकांकिका प्रतिष्ठानाच्या स्मृतिकोशात शोकनाट्य म्हणून कायमची दाखल होईल, आणि मग जगात कुठेही ती दुसऱ्या कोणत्याही प्रकारे करता येणार नाही. वारशाचं संरक्षण, दुसरं काय. बेहियाने शांतपणे निरोपाची कॉफी आणून समोर ठेवली.

"आहाहा, काय चव!" बाई म्हणाल्या. "आणखी मिळेल?"

बेहियाने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. तिने दुसऱ्यांदा निरोपाची कॉफी केली. सल्लागारांनी आपले कप पुढे केले.

"इल्मा," बेहिया स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "यांना जरा समजाव ना गं."

"आजी, हे त्यांच्या संस्कृतीत नाहीये. आपण समजून घ्यायला हवं."

"मी समजून घेतलंय. कॉफीदाणी चौथ्यांदा चढवलीये मी. आता मसूर भाजायला घेऊ का?"

मला हसू फुटलं. रेफिकनेही मान वर केली, आणि फार दिवसांनी त्याच्या डोळ्यांत जुना रेफिक दिसला. तो डॉ. हेडविग यांना म्हणाला, "एकच विचारतो. तो प्रयोग इथं होणार. त्या तळघरात बसलेली माणसं अजून आहेत, त्यांना बोलवा. ती हसली, तर जाहिरातीवर 'विनोदी एकांकिका' असं छापाल?"

बाई क्षणभर गहिवरल्या. "तुमच्या लोकांची प्रतिक्रिया आमच्यासाठी सर्वोच्च आहे. ते हसले, तर आम्ही त्याचा अत्यंत गांभीर्याने विचार करू."

प्रयोगाच्या दिवशी पुढच्या रांगांत राजदूत, मंत्री आणि देणगीदार बसले. मागच्या दोन रांगा आमच्यासाठी राखीव होत्या. प्रत्येकाच्या छातीवर 'वाचलेले' असा बिल्ला होता. शेफिकाबाईंनी तो पर्समध्ये टाकला. "वाचलोय ते दिसतंय की," त्या म्हणाल्या. "त्याला पाटी कशाला?" इल्माने सुरुवातीला सूचना दिली की प्रयोगात कोणाला असह्य झालं तर बाहेर शांती कक्ष आहे, तिथे उशा आणि पाणी आहे. रेफिक माझ्या शेजारी बसला होता. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि दाढी करताना दोनदा कापून घेतलं होतं.

अंधार झाला. काळ्या कपड्यांतली बाई आली, बसली. आम्ही बघत राहिलो. काही होईना. मागे कोणीतरी कुजबुजलं, "वीज गेली का?" दुसरं म्हणालं, "नाही, कला आहे." पुढचे राजदूत हलत नव्हते. रेफिक खुर्चीत खाली खाली सरकत चालला होता. इथेही कोणी हसणार नव्हतं, कारण हसण्यासारखं तिथं काही ठेवलेलंच नव्हतं. या परीक्षेत आम्हाला आधीच नापास करून ठेवलेलं होतं, आणि ते मला इतक्या उशिरा लक्षात यावं याची मला लाज वाटली.

शेवटी त्या बाईने रिकामा कप सावकाश, फारच सावकाश, ओठांना लावला. घोट घेतला. डोळे मिटले.

"मीठ तेवढं जरा कमी!" शेफिकाबाई ठणठणीत आवाजात म्हणाल्या.

मागच्या दोन्ही रांगांत हशा फुटला. तळघरात फुटायचा तसाच, पोटातून. कोणीतरी तोंडाने "धडाम!" केलं. कोणीतरी उठून म्हणालं, "बरं, मी निघतो," आणि सगळे एका सुरात ओरडले, "बसा हो, घाई काय आहे?" काळ्या कपड्यांतली बाई कप तसाच धरून आमच्याकडे बघत राहिली. पुढचे राजदूत मागे वळले. आणि रेफिक, माझा रेफिक, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता.

इल्मा धावत आली. "आजोबा, प्लीज! इथे लोकांच्या वेदनेचा प्रश्न आहे!"

"कुठल्या लोकांच्या, बाळा?"

"तुमच्या!" इल्मा म्हणाली, आणि तिने नियमाप्रमाणे आम्हाला दोन रांगांसकट बाहेर काढलं. सारायेवोच्या वेढ्याचा अपमान केल्याबद्दल सारायेवोच्या वेढ्यातल्या माणसांना सभागृहाबाहेर घालवण्याची ही पहिलीच वेळ असावी. शांती कक्षात उशा होत्या. शेफिकाबाईंनी एक पाठीमागे घेतली आणि चप्पल काढली.

"हसले ना रे, क्रेशो?" रेफिकने विचारलं.

"हसले की. ऐकलं नाहीस?"

"बाहेर गोळे पडत नव्हते ना?"

"कुठले गोळे? बाहेर ट्रॅफिक आहे."

"म्हणजे भीतीने नाही हसले." त्याने डोळे पुसले. "विनोदीच होतं गड्या. विनोदीच होतं."

थोड्या वेळाने डॉ. हेडविग आल्या. त्यांचे डोळे सुजले होते. आम्हाला वाटलं, रागावल्या असतील. त्या रेफिकच्या समोर जमिनीवर बसल्या. "आज जे घडलं," त्या म्हणाल्या, "ते मी आयुष्यभर विसरणार नाही. वेदना इतकी खोल, की तिला रडण्याची वाटही उरलेली नाही."

"बाई, तुम्ही विचार करू म्हणाला होतात," रेफिक म्हणाला.

"केला. अत्यंत गांभीर्याने केला. हे हसणं म्हणजेच शोकाचं सर्वोच्च रूप आहे. ते नाटकात हवंच!"

आणि ते नाटकात आलं. पुढच्या हंगामापासून प्रयोगाच्या मागच्या रांगेत खरेखुरे वाचलेले बसवायचे, बाईने घोट घेतला की त्यांनी हसायचं, आणि मग स्वयंसेवकांनी त्यांना बाहेर काढायचं, असं दिग्दर्शन ठरलं. जाहिरातीवर 'शोकनाट्य' कायम राहिलं, खाली बारीक अक्षरांत भर पडली: 'अस्सल हास्यासह'. मला आणि शेफिकाबाईंना बोलावणं आलं. आधी मी मोठ्या बाणेदारपणे नाही म्हणालो. मग नाश्त्याची चौकशी केली. रेफिकही यायला तयार झाला. "निदान कोणीतरी हसेल," तो म्हणाला, "आपणच का होईना." बेहिया मात्र आली नाही. "मला फुकट हसायची सवय आहे," ती म्हणाली. "ती या वयात मोडायची नाही."

असे आम्ही गावोगाव हसत आणि स्वतःला बाहेर काढवून घेत हिंडलो. आम्ही हसलो की पुढचे लोक हुंदके देत. हसणं जमलं नाही तर तालीम घेत. दिग्दर्शक म्हणायचा, "काल छान होतं, आज जरा आनंद येतोय." रेफिकचं हसू दिवसेंदिवस बारीक होत चाललं.

मग जिनिव्हाचा प्रयोग झाला. घोट झाला, आम्ही हसलो, स्वयंसेवकाने हळुवारपणे आमचे दंड धरले. दाराशी पोचल्यावर शेफिकाबाई थबकल्या. त्यांची पर्स खुर्चीवर राहिली होती. त्या परत फिरल्या. सगळ्या रांगेला उठवलं, एका देणगीदाराच्या पायावर पाय दिला, खुर्चीखाली वाकून शोधलं, स्वयंसेवकालाही वाकायला लावलं. काळ्या कपड्यांतली बाई रंगमंचावर कप धरून वाट बघत होती. शेवटी पर्स त्यांच्याच खांद्याला सापडली. त्या स्वयंसेवकाला म्हणाल्या, "हं, चल. आता काढ मला बाहेर."

आणि चौथ्या रांगेतला एक टकला गृहस्थ हसला. खदखदून, मोकळा, मांडीवर थाप मारून.

सगळं सभागृह त्याच्याकडे वळलं. त्याच्या छातीवर बिल्ला नव्हता. स्वयंसेवकालाही सुचेना, कारण बिनबिल्ल्याच्या हसण्याची सोय नियमांत नव्हती. गृहस्थाचा चेहरा उतरला. तो आपणहून उठला आणि कोट सावरत बाहेर पडला. त्याच्यामागून रेफिक धावला. सत्तरीतला माणूस, जिने उतरत धावला, आणि त्याच्यामागे मी.

त्याने त्याला पायऱ्यांवर गाठलं. "थांबा! तुम्ही हसलात!"

"माफ करा," तो गृहस्थ म्हणाला. "मला तसं करायचं नव्हतं. दिवसभराचा दमलेलो होतो, तोल गेला."

"माफी कसली? पुन्हा हसा! उद्या या, माझ्या खुर्चीवर बसा. मी लेखक आहे."

गृहस्थाने रेफिकचा बिल्ला वाचला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे देवा! म्हणजे मी तुमच्यासमोर हसलो? तुम्ही एवढं सोसलंत, आणि मी..." तो तिथेच पायरीवर बसून रडायला लागला. रेफिक त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. ज्या हसण्यासाठी तो एवढे जिने उतरून आला होता, ते त्याच्या हाताखालीच विझत होतं. दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ खरंच आला. रुमाल घेऊन आला होता, आणि सगळ्यांबरोबर, बरोबर जागेवर रडला.

रेफिकने त्या दिवशी बिल्ला काढून ठेवला आणि आम्ही घरी परतलो. आता तो पुन्हा लिहितो, रोज सकाळी. ही हकीकतही मी त्याच्याच सांगण्यावरून लिहिली. डोंगर, तोफा आणि वेढा हे शब्द आल्यावरही कोणी आपल्या मनाने हसतं का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं आहे. तुम्ही बहुधा घरी एकटेच वाचत असाल. पुढच्या रांगेत राजदूत नाही, दाराशी इल्मा नाही. तरीसुद्धा मध्ये कुठेतरी हसू आलं, तेव्हा हे हसण्यासारखं आहे का, असं तुम्ही आधी स्वतःला विचारलंत. आम्हाला बाहेर काढणारे निदान दिसत तरी होते.